तारखेपुढची दोन अक्षरं

विद्यापीठाच्या प्रवेश विभागात परदेशी विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची छाननी मी गेली अकरा वर्षं करते आहे. फाइल उघडली की नाव, जन्मतारीख, पालकांचं नाव, गुणपत्रिका या क्रमाने नजर आपोआप फिरते. कुठे जुळलं नाही तर ‘तफावत’ असा शेरा मारायचा आणि फाइल बाजूला ठेवायची. हेच काम चोख करणं म्हणतात, असं मला वाटायचं.

त्या दिवशी कर्मचाऱ्यांसाठी सांस्कृतिक विविधतेचं प्रशिक्षण होतं. पहिला तास मला मुळीच पटला नाही. पडद्यावर देशांची यादी आणि प्रत्येक देशापुढे तिथली माणसं कशी असतात त्याची एक ओळ: हे थेट बोलतात, ते नजरेला नजर देत नाहीत, अमक्या देशात वेळेचं बंधन सैल असतं. मी उभी राहून बोलले. ही यादी पाठ केलेला कर्मचारी समोरच्या विद्यार्थ्याचं ऐकणारच नाही, आधी त्याचा देश विचारेल आणि मग यादीतली ओळ आठवेल, असं मला मनापासून वाटत होतं.

प्रशिक्षक बाईंनी ऐकून घेतलं. पडदा बंद केला आणि सगळ्यांना आमच्याच विद्यापीठाचा प्रवेश अर्ज भरायला दिला. अट एकच: तुम्हाला फक्त एक नाव आहे, आडनाव नाही.

आडनावाचा रकाना सक्तीचा. कुणी टिंब दिलं, कुणी तेच नाव दोनदा लिहिलं, कुणी ‘लागू नाही’ टाकलं. म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या पदवीवर ‘लागू नाही’ छापून येणार. बाईंनी सुकार्नो आणि सुहार्तो यांची आठवण करून दिली. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, दोघांचीही नावं एकशब्दी. तिथे २०२२ साली नव्या नोंदींसाठी किमान दोन शब्दांचा नियम झाला, पण आधीची एकशब्दी नावं वैध राहिली. पासपोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमांनाही एकच नाव चालतं. मग आमच्या प्रणालीला का चालत नाही, हा प्रश्न अकरा वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.

तेवढ्यात आमच्या विभागातला नवा सहकारी दाराशी आला. “मॅडम, जरा येता का? मूळ कागदपत्रांची पडताळणी चाललीय. एका मुलीचे कागद बनावट वाटतायत.”

मुलगी इथिओपियाची. पासपोर्टवर जन्मतारीख २२ सप्टेंबर २००५. शाळेच्या दाखल्यावर १२-१-१९९८. साडेसात वर्षांहून जास्त फरक. शिवाय अर्जात तिचं आडनाव एक आणि वडिलांच्या हमीपत्रावर त्यांचं आडनाव दुसरंच. सहकाऱ्याने पेन्सिलीने चारही ठिकाणी गोल केले होते. प्रामाणिकपणे सांगते, सकाळच्या त्या अर्जाचा सराव झाला नसता तर मीही त्या गोलांवर शाई फिरवली असती.

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. “हे कसं वाचायचं, मला सांगाल का?” तिने दाखला माझ्याकडे सरकवला आणि तारखेपुढच्या दोन बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. ‘ई. सी.’ म्हणजे इथिओपियन कॅलेंडर. ती अक्षरं मी आधीही पाहिली होती. दाखला लिहिणाऱ्या कारकुनाची आद्याक्षरं असतील, असं समजून पुढे गेले होते.

तिने माझ्या टिपणवहीवर मांडून दाखवलं. त्यांचं वर्ष आपल्या सप्टेंबरात सुरू होतं. पहिला महिना मेस्केरेम, आणि १९९८ चा मेस्केरेम लागला तो ११ सप्टेंबर २००५ला. त्याची बारावी तारीख म्हणजे २२ सप्टेंबर. म्हणजे दोन्ही कागद एकच दिवस सांगत होते. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा, पागुमे. त्या तेराव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाला आमच्या अर्जात निवडायला महिनाच नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. थायलंडच्या दाखल्यावर २५४८ दिसलं किंवा इराणच्या दाखल्यावर १३८४, तर आम्ही लगेच थांबतो. पंचांग वेगळं आहे हे आकडाच ओरडून सांगतो. इथिओपियाचं १९९८ मात्र आपल्या १९९८सारखंच दिसतं. म्हणून तिथे पंचांगाचा विचार मनात येत नाही, थेट माणसाच्या खरेपणाची शंका येते.

नावाचंही तिनेच उलगडून सांगितलं. त्यांच्याकडे आडनाव नसतंच. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकणारे अबेबे बिकिला: जग बिकिला म्हणतं, पण ते नाव वडिलांचं, ते स्वतः अबेबे. आमच्या प्रणालीने तिच्या नावातला शेवटचा शब्द आडनाव धरला, म्हणजे आजोबांचं नाव. वडिलांच्या नावातला शेवटचा शब्द त्यांच्या आजोबांचा. बापलेकीचं ‘आडनाव’ जुळलं असतं, तरच खरं तर काळजी करायला हवी होती.

हमीपत्रासाठी वडिलांशी एकदा बोलून घ्यायचं ठरलं. “उद्या तीनला ते घरी असतील,” ती म्हणाली. मी वेळ लिहिता लिहिता थांबले. “तीन म्हणजे?” तिला पहिल्यांदाच हसू आलं. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक. त्यांचे तीन म्हणजे घड्याळातले सकाळचे नऊ. “इथल्या कुणी हे अजून विचारलं नव्हतं,” ती म्हणाली.

ती गेल्यावर प्रशिक्षणाला परतावंसं वाटेना. मी कपाटातून बाद झालेल्या अर्जांचा गठ्ठा काढला. दोन महिन्यांपूर्वीची एक फाइल मला आठवत होती, आणि ती तिथेच होती. एका मुलाची. ‘जन्मतारखेत तफावत, अर्ज बाद’, खाली माझी सही. दाखल्यावर तारखेपुढे तीच दोन अक्षरं, अगदी स्पष्ट. टिपणवहीवर तिने दाखवलेल्या रीतीने हिशेब केला. तारीख पासपोर्टशी तंतोतंत जुळली.

त्या वर्षाच्या जागा भरून गेल्या होत्या. विभागप्रमुखांकडे टिपण घेऊन गेले: चूक माझी, अर्ज वैध आहे, पुढच्या सत्रासाठी नव्याने शुल्क न घेता विचार व्हावा. त्यांनी वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. आडनावाचा रकाना ऐच्छिक करण्याचं टिपण त्यांनी ठेवून घेतलं. त्याचा पाठपुरावा मी अजून करते आहे.

संध्याकाळी त्या मुलाला पत्र लिहायला बसले. मायन्याच्या जागी बोटांनी सवयीने त्याच्या नावातला शेवटचा शब्द टाइप केला. त्याच्या आजोबांचं नाव. ते पुसलं आणि त्याचं नाव लिहिलं.