तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं मार्कांसाठीच येतात का?

ॲडमिशनचे दिवस आले की एनएसएसबद्दल, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेबद्दल, हा प्रश्न येतोच. पालक विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, परवा शेजारच्या काकूंनी पण विचारलं, "मॅडम, एनएसएसला पोरं त्या दहा जादा मार्कांसाठीच येतात ना?"

हो, बरीचशी येतात. मी पण तशीच गेले होते, एफवायला सीनियर ताईने सांगितलं म्हणून फॉर्म भरला. आता मीच कार्यक्रम अधिकारी आहे आणि फॉर्म घेताना कुणालाही कशासाठी आलास विचारत नाही, कारण मला त्याची काळजी वाटत नाही. काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते.

मी शिकत होते तेव्हा आमचं पहिलं शिबिर डिसेंबरच्या शेवटी होतं, परीक्षा झाल्यावर. सात दिवस शाळेच्या खोल्यांत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य. गाडगेबाबा गावात गेले की आधी हातात खराटा घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे, शिबिराचा दिवस मला अजूनही तसाच वाटतो. तर आम्ही नाल्यावर वनराई बंधारा घातला, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, तोंडं शिवून, हातोहात देऊन. हाताला फोड आले, फोटो झाले, समारोप झाला. काठावर एक आजी रोज येऊन बसायच्या, शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "पोरींनो, दिवाळीच्या आधी आला असतात तर पाणी अडलं असतं गं." नाला तोवर आटत आलेला. आणि पुढच्या वर्षी कॉलेजने दुसरं गाव घेतलं, आजींकडे परत कुणी गेलंच नाही, मी पण नाही. ते मला आजपर्यंत टोचतं.

म्हणजे बघा, वनराई बंधारा हे कच्चं काम, पाऊस ओसरला आणि नाला अजून वाहता आहे तेव्हाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घालायचा, उन्हाने गोण्या फाटतात म्हणून दरवर्षी नव्याने घालायचा. आणि शिबिराची तारीख ठरते परीक्षेच्या वेळापत्रकावर! सेवेचे तास आम्ही नीट मोजतो, वर्षाला 120, दोन वर्षांचे 240, सगळं डायरीत सहीसकट. पण बंधाऱ्यात पाणी किती दिवस राहिलं हे लिहायला त्या डायरीत रकानाच नाही.

म्हणून माझ्याकडे युनिट आलं तेव्हा दोनच गोष्टी ठरवल्या. दत्तक गाव, म्हणजे युनिट ज्या गावात काम करतं ते, बदलायचं नाही. आणि बंधारा शिबिराची वाट बघत ठेवायचा नाही, ते 120 तास वर्षभरात कधीही भरता येतात, मग ऑक्टोबरचे दोन रविवार त्यातलेच. शिबिरात मग सर्वेक्षण, रस्ता, शोषखड्डे, जे गावातल्या बायका सांगतील ते. पहिल्या वर्षी गावाने आमच्याकडे पाहुण्यांसारखं बघितलं, दुसऱ्या वर्षी सरपंचांनी गोण्या आधीच गोळा करून ठेवल्या, तिसऱ्या वर्षी गावातली दहा-बारा माणसं स्वतःहून पाण्यात उतरली. हे तिसरं वर्षच महत्त्वाचं असतं हो, आणि नेमकं तोपर्यंत बहुतेक ठिकाणी गाव बदललेलं असतं.

सक्ती करा असंही काही जण सुचवतात. हे नवीन नाही, 1959 मध्ये माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या समितीने कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाला आधी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा सक्तीची करावी अशी शिफारस केली होती. खर्चाचा प्रश्न आला, ते राहिलं, आणि शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला 37 विद्यापीठांत 40 हजार मुलांना घेऊन एनएसएस सुरू झाली, ऐच्छिक. मला ते बरोबरच वाटतं. देशमुखांबद्दल पूर्ण आदर आहे, पण मनाविरुद्ध आणलेलं पोरगं गोणी भरतं आणि तोंड शिवायचं सोडून देतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मार्क किंवा आता नव्या शैक्षणिक धोरणातले क्रेडिट, हे दारापर्यंत आणतात एवढंच, आणि तेवढं केलं तरी पुरे आहे.

गेल्या ऑक्टोबरला टीवायची एक मुलगी बंधाऱ्यावर आली. तिचे 240 तास आदल्याच वर्षी भरले होते, सर्टिफिकेट हातात होतं. मी म्हटलं, अगं तुझं तर झालंय ना सगळं? म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळी डाव्या कडेने पाणी झिरपत होतं, ह्या वेळी तिकडे मी उभी राहते." आणि खरंच दुपारपर्यंत तिथून हलली नाही, ज्युनियर पोरांना गोण्या आडव्या-उभ्या कशा लावायच्या, सांध्यावर सांधा कसा येऊ द्यायचा नाही ते दाखवत राहिली.

जानेवारीत शिबिराला गेलो तेव्हा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला म्हशी डुंबत होत्या.