एसएसएच पहिल्यांदा काय विचारतं ते वाचा तरी

एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत. नवीन सर्व्हरला पहिल्यांदा एसएसएच केलं की स्क्रीनवर दोन-तीन ओळी येतात, या होस्टची (पलीकडच्या मशीनची) खात्री पटवता येत नाहीये, याच्या कीचं फिंगरप्रिंट (त्या मशीनच्या डिजिटल किल्लीची छोटी ओळखखूण) अमुक अमुक आहे, आणि मग प्रश्न, आर यू शुअर यू वॉन्ट टू कन्टिन्यू कनेक्टिंग. सगळे जण यस लिहून एंटर मारतात. हिंजवडीत आमच्या टीममध्ये नवीन पोरं-पोरी जॉइन होतात, त्यांना अ‍ॅक्सेस देणं आणि सुरुवातीला शेजारी बसवून काम दाखवणं माझ्याकडे असतं, त्यामुळे मी हे रोज बघते, त्या ओळी कोणी वाचतच नाही. विचारलं तर म्हणतात, "मॅम, पहिल्यांदा येतंच ना ते." हो, येतंच, पण का येतं? हे सांगायचं तर मला दरवेळी पार टेलनेटपर्यंत, म्हणजे एसएसएचच्या आधीच्या रिमोट लॉगिनच्या पद्धतीपर्यंत, मागे जावं लागतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

टेलनेट १९६९ चं, म्हणजे अर्पानेट (इंटरनेटचं पूर्वरूप) सुरू झालं तेव्हाचं, आणि आज जे स्टँडर्ड धरतात ते आरएफसी ८५४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम छापतात ती कागदपत्रं), मे १९८३ चं, पोर्ट (मशीनवरचं त्या सेवेचं दार) २३. तेव्हाची अडचण वेगळीच होती, प्रत्येक कंपनीचं टर्मिनल वेगळं, ओळ कुठे संपते हे सांगायची पद्धतसुद्धा वेगळी, मग त्यांनी मधे एक काल्पनिक टर्मिनल मानलं आणि दोन्ही बाजूंनी त्याच्याशीच बोलायचं ठरवलं, त्याच्यापेक्षा जास्त काही हवं असेल तर विल, वोन्ट, डू, डोन्ट असे चार शब्द वापरून आपसात ठरवायचं. मला हे डिझाइन मनापासून आवडतं. पण मधे बसून तिसरं कोणी ऐकत असेल हा विचार त्यात कुठेच नाही.

म्हणून मी नवीन पोरांना एक गोष्ट करायला लावतेच. आपल्याच लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन घ्यायच्या, एकीवर टेलनेट सर्व्हर चालू करायचा, वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारं सगळं दाखवणारं टूल) लावायचं, लॉगिन करायचं आणि मग फॉलो टीसीपी स्ट्रीम करून बघायचं. युजरनेम पुणे असेल तर तिथे पी पी यू यू एन एन ई ई असं दिसतं, प्रत्येक अक्षर दोनदा, कारण एकदा ते तुमच्याकडून जातं आणि एकदा सर्व्हर ते इको म्हणून परत पाठवतो. पासवर्डच्या जागी सर्व्हर इको करत नाही, स्क्रीनवर काही उमटू नये म्हणून, त्यामुळे पासवर्ड तिथे एकदाच दिसतो, सरळ, स्वच्छ, वाचून घ्या असा. जी काळजी तुमच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसासाठी घेतली त्याच काळजीमुळे वायरवरच्या माणसाला तो वाचायला अजून सोपा झाला. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की टेलनेट का नको हे परत समजावून सांगावं लागत नाही.

आता "टेलनेट करून बघ पोर्ट ओपन आहे का" हे आपण सगळेच करतो, त्याला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती टेलनेटने लॉगिन करू देणाऱ्या कॅमेऱ्यांना, डीव्हीआरना आणि राउटरना. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) फक्त हेच केलं, इंटरनेटवर टेलनेट उघडं असलेली उपकरणं शोधायची आणि कंपनीने घालून दिलेले ठरावीक युजरनेम-पासवर्ड मारून बघायचे, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच उपकरणांनी डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) एवढा ट्रॅफिक सोडला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास बऱ्याच लोकांना उघडत नव्हत्या. सोसायटीचा सीसीटीव्ही कोणी बसवून दिला असेल तर त्याच्या डीव्हीआरचं टेलनेट बंद आहे का आणि पासवर्ड बदललाय का, हे खरंच एकदा जाऊन बघा.

मधे आरलॉगिन ही रिमोट लॉगिनची आणखी एक पद्धत येऊन गेली, बर्कलीच्या युनिक्समधून, १९८३ च्या सुमारास. यात तर ओळखीच्या मशीनवरून आलात की पासवर्डच नाही. डॉट आरहोस्ट्स नावाच्या फाइलमध्ये मशीनचं नाव लिहिलेलं असलं आणि कनेक्शन १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आलं की झालं काम, कारण असा पोर्ट फक्त रूटच (मशीनवर सगळे अधिकार असलेला युजर) उघडू शकतो आणि रूट म्हणजे जबाबदार माणूस असं धरलेलं. शेजारच्या सोसायटीचा वॉचमन म्हणाला हा आमचाच माणूस, म्हणून आपल्या वॉचमनने रजिस्टरमध्ये नावही न लिहिता आत सोडला, तसं. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्राम) सुटला तेव्हा सेंडमेल आणि फिंगर या प्रोग्राममधल्या चुका त्याने वापरल्याच, पण एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायला हा विश्वासही त्याला उपयोगी पडला.

मग १९९५. हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, आणि तिथल्या तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. एफटीपीचा (फाइल पाठवायच्या पद्धतीचा) पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मेल पाठवून रीतसर मागितला आणि त्यांना मिळाला. जुलैमध्ये रिलीज केलं आणि वर्ष संपेपर्यंत पन्नास देशांत वीस हजारांच्या आसपास लोक ते वापरत होते, म्हणजे गरज किती होती बघा. आज आपण जे वापरतो ते बहुतेक ठिकाणी ओपनएसएसएच, ते ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी १९९९ च्या डिसेंबरमध्ये आणलं, आणि प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये आरएफसी म्हणून छापली गेली.

आता मुद्द्यावर येते. एसएसएच म्हणजे एन्क्रिप्टेड टेलनेट असं सगळे सांगतात, इंटरव्ह्यूतही तेच उत्तर येतं, आणि ते अर्धंच आहे. कनेक्शन झालं की दोन्ही बाजू मिळून एक गुपित तयार करतात, त्यामागची डिफी-हेलमनची कल्पना १९७६ ची, मधला माणूस सगळं बोलणं ऐकत बसला तरी ते गुपित त्याला काढता येत नाही. पण तुम्ही गुपित नक्की कोणाबरोबर तयार केलंत? ते ही पद्धत सांगत नाही. मधल्या माणसाने नुसतं ऐकण्याऐवजी स्वतःच सर्व्हर म्हणून उत्तर दिलं तर तुमचं एन्क्रिप्शन एकदम मजबूत आहे, फक्त ते चोराबरोबर आहे. म्हणून सर्व्हर त्या सगळ्या देवाणघेवाणीवर आपल्या होस्ट कीने (तिचा गुप्त भाग फक्त सर्व्हरकडे असतो) सही करतो आणि तुमचा लॅपटॉप ती सही तपासतो, आणि तपासायला सर्व्हरची पब्लिक की (त्याच किल्लीचा उघड भाग) आधीपासून तुमच्या नोन होस्ट्स फाइलमध्ये (ओळखीच्या सर्व्हरच्या यादीत) असावी लागते. पहिल्या वेळी ती नसते. त्या एका क्षणी प्रोटोकॉलच्या हातात काहीच नसतं, म्हणून तो तुम्हाला विचारतो.

पासवर्डने लॉगिन करत असाल तर इथे घोळ मोठा आहे, कारण पासवर्ड एन्क्रिप्ट होऊन जातो खरा पण पलीकडे जो कोणी बसलाय त्याला तो उघडून मिळतो. पासवर्डऐवजी स्वतःच्या कीने लॉगिन केलं तर बरं, तुमची सही त्याच सेशनच्या ओळखीला बांधलेली असते, खोट्या सर्व्हरला ती घेऊन खऱ्या सर्व्हरकडे जाता येत नाही. पण तो तुम्हाला खोटा शेल (कमांड लिहायची जागा) तर देऊ शकतो ना, आणि तिथे तुम्ही सवयीने सुडो (रूटचे अधिकार मागायची कमांड) करून पासवर्ड टाकलात की संपलं.

डेक्कन क्वीनमध्ये बसून काम करणारे मॉश (तुटक नेटवरही टिकणारं रिमोट लॉगिन) वापरतात, मीही वापरते, २०१२ मध्ये एमआयटीतून आलेलं, यूडीपीवर चालतं, खंडाळ्याच्या बोगद्यात नेट गेलं तरी बाहेर आल्यावर सेशन जिथल्या तिथे असतं. पण मॉशसुद्धा आधी एसएसएचनेच लॉगिन करून आपली की घेतं, म्हणजे पाया तोच, पहिलं फिंगरप्रिंट चुकलं तर ते पण गेलं. आणि पुण्यात तर हे सगळ्यांचंच आहे, पाषाणला आयसरमधल्या परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटरवर काम करणारी संशोधक मंडळी काही मशीनसमोर जाऊन बसत नाहीत, तीही रिमोट लॉगिनच करतात.

मला खरा राग येतो तो स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग (होस्ट की काटेकोर तपासायची एसएसएचची सेटिंग) नो करून ठेवणाऱ्यांचा. रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड अशी मोठी चौकट आली की लोक नोन होस्ट्समधली जुनी ओळ उडवतात आणि पुढे जातात, किंवा एकदाच कॉन्फिगमध्ये नो लिहून टाकतात म्हणजे कटकट नको. बहुतेक वेळा कारण साधंच असतं, कोणीतरी त्याच आयपीवर सर्व्हर नव्याने उभा केलेला असतो. मग ग्रुपवर एक मेसेज टाका, कोणी रीबिल्ड केलाय का, दोन मिनिटांत उत्तर येतं. ऑटोमेशनमध्ये नवीन मशीन सारख्या येत असतील तर नोऐवजी अ‍ॅक्सेप्ट-न्यू लिहा, ते नवीन की घेतं पण बदललेली की आली की अडवतं.

आणि फिंगरप्रिंट जुळवणं अवघड नाही हो. क्लाउडच्या कन्सोलवरून सर्व्हरवर जायचं, एसएसएच-कीजेनला एल आणि एफ देऊन होस्टच्या पब्लिक कीची फाइल दाखवायची, फिंगरप्रिंट समोर येतं. त्या प्रश्नाच्या शेवटी कंसात यस आणि नोबरोबर फिंगरप्रिंट असा तिसरा पर्याय लिहिलेला असतो, तो तर बहुतेकांना माहीतच नाही, कन्सोलवरचं फिंगरप्रिंट कॉपी करून तिथे पेस्ट केलं की एसएसएच स्वतःच जुळवून बघतं आणि जुळलं तरच पुढे जातं. शेवटची चार अक्षरं डोळ्यांनी बघून ओके म्हणण्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं, कारण चार अक्षरं जुळणारी की कोणीही बनवू शकतं.

सर्व्हर खूप असतील तर होस्ट सर्टिफिकेट वापरा, ओपनएसएसएचमध्ये ही सोय २०१० पासून आहे. एक सीए (सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे सह्या करणारी) की तयार करायची, प्रत्येक सर्व्हरच्या होस्ट कीवर तिची सही घ्यायची, आणि सगळ्यांच्या लॅपटॉपवर नोन होस्ट्समध्ये त्या सीएची एकच ओळ टाकायची. आमच्याकडे आता असंच आहे, सीएची प्रायव्हेट की नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर असते आणि सही करायला दोघांनी हजर असावं लागतं. फक्त जुने नेटवर्क स्विच राहिलेत, त्यांच्या फर्मवेअरला सर्टिफिकेट कळत नाही, तर त्यांच्या पब्लिक की सिरियल केबल लावून एकेक करून काढल्या आणि टीमच्या सामायिक नोन होस्ट्स फाइलमध्ये घातल्या, स्विच बदलेपर्यंत तसंच चालेल.