लेव्हल क्रॉसचा निळा रंग

स्मोकी माउंटन्समध्ये चार दिवस होतो, पण पाऊस आणि गर्दी सोडून फारसं काही लक्षात नाही. लक्षात राहिली ती नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला ताईकडे परत येतानाची एक दुपार. ग्रीन्सबोरोच्या खाली लेव्हल क्रॉस म्हणून छोटंसं गाव आहे, तिथलं पेटी या कार रेसर घराण्याचं म्युझियम भाच्याला बघायचं होतं, मी वैतागलेच, गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांचं काय बघायचं, पण आत गेले आणि तीन तास पाय निघेना.

हे पेटी एंटरप्रायझेस या त्यांच्या रेसिंग टीमचं मूळ गाव. ली पेटी 1949 मध्ये नॅसकार या अमेरिकन कार रेसिंग संस्थेच्या स्टॉक कार (बाजारातल्या मॉडेलसारख्या गाड्या) सिरीजच्या पहिल्याच रेसला उसनी ब्युइक घेऊन गेला आणि ती उलटली! तरी घराशेजारच्या शेडमध्ये टीम उभी केली, एक मुलगा रिचर्ड गाडी चालवणार, दुसरा मॉरिस इंजिन बनवणार, नात्यातलाच डेल इनमन क्रू चीफ, म्हणजे गाडीची तयारी बघणाऱ्यांचा प्रमुख. आपल्याकडे अख्खं घर एका धंद्याला लागतं ना, अगदी तसं. ली 3 वेळा चॅम्पियन, रिचर्ड 7 वेळा, 1967 च्या एका सीझनमध्ये 27 रेस जिंकल्या, त्यातल्या 10 सलग.

आणि तो निळा रंग! काउंटरवरच्या आजोबांनी सांगितलं, गाडी रंगवायची होती, निळा पुरेना, पांढराही पुरेना, मग दोन्ही एकत्र कालवले. 1972 ला इंजिन ऑइलमध्ये घालायची द्रव्यं बनवणारी एसटीपी कंपनी स्पॉन्सर म्हणून आली, तिला अख्खी गाडी लाल हवी होती, रिचर्ड हटला नाही, शेवटी लाल-निळी झाली. मला हे फार आवडलं. पैसा आला म्हणून घरचा रंग पुसायचा नाही.

मग 45 नंबरच्या गाडीपाशी आलो. अॅडम, लीचा पणतू. 2 एप्रिल 2000 ला टेक्सासला त्याची कप सिरीजमधली, म्हणजे नॅसकारच्या सर्वांत वरच्या सिरीजमधली, पहिली रेस. 5 एप्रिलला पणजोबा गेले. 12 मे ला न्यू हॅम्पशायरला प्रॅक्टिस करताना गाडी भिंतीवर आदळून अॅडम गेला, वय 19. पुढे त्याच्या वडिलांनी, म्हणजे रिचर्डचा मुलगा काइलने, तोच 45 नंबर घेऊन 2008 पर्यंत रेस केल्या. कसं बसत असेल तो माणूस त्या गाडीत? आजारी मुलांसाठी कॅम्प काढायचं अॅडमच्या मनात होतं, तो घरच्यांनी 2004 मध्ये इथे जवळच उभा केला.

टीम मात्र टिकली नाही. बाकीच्या टीम्सकडे पैसा आणि इंजिनियर वाढत गेले, यांचा शेवटचा विजय 1999 चा, 2008 मध्ये वर्कशॉप इथून मूर्सव्हिलला गेलं आणि 2009 च्या जानेवारीत टीम दुसऱ्या टीममध्ये विलीन झाली. 268 विजय आणि साठ वर्षं, मला खरंच वाईट वाटलं.

बाहेर आलो तर भाचा किल्ली घेऊन गाडीपाशी उभा. त्यालाही नुकतंच एकोणिसावं लागलंय. ताई पुढे बसली, बेल्ट लावला आणि म्हणाली, "हळू चालव रे."