फेझंट आणि कोंबडी, नातं नक्की किती जवळचं?

इंग्लंडात शिकारीसाठी फेझंट (कोंबडीसारखाच, लांब शेपटीचा रानपक्षी) वाढवायचे तेव्हा त्यांची अंडी सरळ खुडूक कोंबडीखाली ठेवायचे, कारण पिंजऱ्यातली फेझंट मादी अंड्यांवर नीट बसतच नाही, आणि कोंबडीला काय, २१ ऐवजी २४ दिवस झाले तरी ती आपली बसते बिचारी! आता इन्क्युबेटर आलेत म्हणा. पण कोंबडी फेझंटची अंडी उबवायची म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की दोघी सख्ख्या बहिणी, तर तसं काही नाहीये. फॅमिली एकच, फॅसिॲनिडी, पण डीएनए बघितला तर कोंबडी तितरांच्या काही जातींच्या जास्त जवळची आणि फेझंटच्या जवळची चक्क टर्की!! कोंबडीचे क्रोमोसोम ७८, फेझंटचे ८२, संकर होतो कधीकधी पण ती पिल्लं बहुतेक वांझच निघतात.

मला खरी मजा वाटते ती आपल्या सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याची. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, पण २००८ च्या एका अभ्यासात दिसलं की पिवळ्या कातडीचा जीन मात्र या राखाडीवाल्याकडून आलाय. त्या जीनमुळे कातडीत कॅरोटिनॉइड (खाण्यातून येणारी पिवळी-केशरी रंगद्रव्यं) तुटत नाहीत, साठत जातात, म्हणून मका खाणाऱ्या कोंबडीचे पाय जास्तच पिवळे दिसतात.