गाडी रगडलेली आहे का, हे कसं ओळखायचं?

‘दादा, रविवारी मोकळे आहात का? एक गाडी बघायची होती.’ असा फोन मला महिन्यातून तीन-चार वेळा तरी येतो. आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आधीच्या मालकानं गाडी रगडली असेल तर ते कसं कळणार? कराडला हायवेलगतच्या गॅरेजात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, म्हणून लोक विश्वासानं विचारतात. फोनवर दोन वाक्यांत सांगून माझंच समाधान होत नाही. तुम्हीही वापरलेली गाडी घ्यायची म्हणून हेच विचारलंत, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी रगडणं म्हणजे काय ते बघू. बहुतेकांना वाटतं, जोरात पळवलेली गाडी म्हणजे रगडलेली. तसं नाही. हायवेला टॉप गिअरमध्ये एका लयीत तासन् तास धावणं हे इंजिनासाठी सर्वांत सोपं काम आहे. ऑइल गरम, सगळीकडे पोचलेलं. क्लचला हात नाही, ब्रेकला पाय नाही. गाडीचा जीव जातो तो दुसरीकडे. सकाळी थंड इंजिनाला चावी मारल्या मारल्या रेस देणं. चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी रोखून धरणं. वेग तीसचा आणि गिअर चौथा, अशी गाडी ओढत नेणं. ऑइल बदलायची तारीख उलटून वर्ष झालं तरी ‘चालतंय की’ म्हणणं. म्हणून मी किती जोरात चालवली हे शोधत नाही, हातापायाच्या सवयी शोधतो.

या बाबतीत मी इतका काटेकोर का झालो, तेही सांगतो. २००९ साली दाजींना एक पेट्रोल गाडी पसंत पडली. आम्ही दुपारी तीनला बघायला गेलो. गाडी नुकतीच कुठूनतरी येऊन उभी राहिली होती. मीटरवर ३६ हजार, आवाज गोड, धूर नाही. मी ‘घ्या’ म्हणालो. आठवड्यानं सकाळी ताईचा फोन आला, ‘सुरू केली की निळा धूर येतोय रे.’ दोन महिन्यांत इंजिन उघडलं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, व्हॉल्व्हचे सील कडक झालेले, आत डांबरासारखा काळा गाळ. दाजींनी गाडीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. इंजिनाच्या कामाला ताईच्या दोन बांगड्या गेल्या. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. तेव्हापासून कुणाचीही गाडी बघायला मी सकाळीच जातो.

गेल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवणं. ऊब लागली की समजायचं, तुमच्यासाठी गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. अशा वेळी सरळ ‘उद्या येतो’ म्हणावं. थंड इंजिन खरं बोलतं. चावी फिरवताना एकानं मागे सायलेन्सरपाशी उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. थंडीत पांढरी वाफ येते आणि दोन मिनिटांत विरते, तिला घाबरायचं नाही. पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरतंय आणि हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या सीलची, शंका घ्यायची. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. तिथून भकाभका धूर फुंकला जात असेल तर रिंगांतून दाब खाली येतोय. झाकणाच्या आतल्या बाजूला काळा गाळ चिकटलेला असेल, तर सर्व्हिसच्या कितीही पावत्या दाखवोत, ऑइल वेळेवर बदललेलं नाही. आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच कूलंटचा रंगही बघा. तपकिरी गढूळ पाणी दिसलं तर मालकानं वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं असतं. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण मात्र कधीच उघडू नका, हात भाजतो.

दोन वर्षांपूर्वी पाटणचे एक शिक्षक माझ्याकडे आले होते. एका सकाळी आम्ही दोन डिझेल गाड्या बघितल्या. पहिली चार वर्षांची, लाल, आरशासारखी पुसलेली, मीटरवर ३४ हजार. दुसरी एका मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची, मीटरवर १ लाख १२ हजार. बॉनेटवर खडे उडून टिपके पडलेले, ड्रायव्हरची सीट बसून बसून दबलेली. सरांचं मन लाल गाडीवर बसलं होतं, आणि तसं बसणारच.

लाल गाडीचे टायर मी आधी बघितले. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवे होते. साधारण वापरात टायर ४० हजारांच्या पुढे जातो. मग ३४ हजारांच्या गाडीचे पहिले टायर गेले कुठे? नव्या टायरांच्याही पुढच्या जोडीचे बाहेरचे खांदे गोल झालेले, म्हणजे वळणावर वेग न कमी करता गाडी वळवायची सवय. हवा कमी ठेवली तरी कडा झिजतात, पण तेव्हा आतली आणि बाहेरची दोन्ही सारख्या झिजतात. इथे फक्त बाहेरची झिजलेली होती. टायरवरून तळवा आडवा फिरवून बघा. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट बाजूनं बोचरं लागलं तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलेलं आहे, आणि ते बहुधा खड्ड्यांनी बिघडवलेलं असतं.

मग रिमच्या फटीतून ब्रेकची डिस्क बघितली. कडेला बोटाला लागेल असा काठ आलेला, मधे निळसर झाक. लोखंड फार तापलं की असा रंग येतो. घाट न्यूट्रलमध्ये उतरवायचा आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा, ही आपल्याकडची फार वाईट सवय आहे. डिझेल वाचतं म्हणून लोक करतात. खरं तर गिअरमध्ये उतरताना एक्सिलरेटरवरून पाय काढला की आजच्या इंजिनात इंधन जवळजवळ जातच नाही, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. मी हे शेकडो लोकांना सांगितलंय आणि सांगत राहणार आहे, कारण कुंभार्ली घाटात ब्रेक तापून सुटलेल्या गाड्या मी ओढून आणल्या आहेत.

क्लचची परीक्षा चढावर होते. तिसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसच्या वेगानं जाताना एक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तिथल्या तिथे राहिली, तर क्लच प्लेट घसरतेय. लाल गाडीत नेमकं तेच झालं, वर जळका वास. नंतर तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरला आणताना खर्रकन आवाज आला. गिअरबॉक्समधली, गिअर जुळवून देणारी सिंक्रोनायझर रिंग झिजली की असं होतं, आणि ती झिजते वेग न उतरवता गिअर खाली हाणल्यामुळे. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फेरी मारली. कटकट आवाज आला नाही, म्हणजे चाकांना ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट तेवढे शाबूत होते.

टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे, बहुतेक जण बघतच नाहीत, म्हणून थोडं थांबून सांगतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि त्याला आधार असतो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. कुंभार्ली घाट चढून वर आलात, टपरीवर चहाला थांबलात आणि गाडी उभी केल्या क्षणी चावी बंद केलीत, तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत उरलेलं ऑइल करपतं. असं रोज झालं की बेअरिंग संपतं. मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवली असती तर टर्बो वाचला असता. तपासायला इंजिन बंद आणि थंड असताना हवेचा पाइप काढायचा आणि पंख्याचा दांडा बोटांत धरायचा. बाजूला किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हलता कामा नये. पाइपात ऑइलचा पातळ ओलावा असतोच, थारोळं नको. लाल गाडीच्या पाइपात माझी दोन बोटं बुडाली.

ते ३४ हजार खोटेच होते असं मी म्हणत नाही. कदाचित खरेही असतील. रोज चार किलोमीटर जायचं, इंजिन तापायच्या आत बंद करायचं, आणि शनिवार-रविवारी मित्रांना घेऊन घाटात गाडी पिळायची, असंही ३४ हजारांत गाडीचं वाटोळं होतं. मीटर मागे फिरवता येतं, पण क्लचच्या पेडलचं झिजलेलं रबर, हातांनी चकाकलेलं स्टिअरिंग आणि सीटची मोडलेली कड यांना मागे नेता येत नाही. फक्त नवी कव्हरं घातलेली असली तर काढून बघा.

जीप किंवा मोठी गाडी घेत असाल तर ती वडापला, म्हणजे माणसं भरून खेपा करायला, होती का, हे आधी बघा. मागचे पाटे, म्हणजे पानांच्या स्प्रिंगा, सपाट झालेले, त्यात एखादं पान नवं, मागच्या दाराचे बिजागर ढिले, आणि फरशीवर जादा बाकाच्या बोल्टांची भोकं. सात जणांच्या गाडीत पंधरा माणसं बसवून जिनं पाटण-कोयनानगर खेपा केल्या, तिचं मीटर काहीही सांगू दे. खाली वाकून ऑइलचा चेंबरही बघा. पोचे असतील तर रस्ता न बघता गाडी घातलेली आहे. कोकणातली गाडी असेल तर खालचा गंज जरा जास्त वेळ बघा.

कागदांत मी विम्याची पॉलिसी आवर्जून वाचतो. दावा न केलेल्या वर्षांगणिक सवलत २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जाते. चौथ्या वर्षी ती शून्य दिसली तर ‘गाडी कुठे ठोकली होती?’ हा प्रश्न सरळ विचारायचा. नंबर टाकून ई-चलानही बघा. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाडीला स्कॅनर लावता येतो. फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले बिघाड, नाहीत एवढ्यावर खूश होऊ नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बहुतेक गाड्यांत दिसतं. तिथे ‘१२ किलोमीटर’ दिसले तर कालच कुणीतरी ते पुसलेले आहेत.

आणि शेवटी, मी स्टिअरिंगवर बसण्याआधी मालकालाच गाडी चालवायला सांगतो आणि शेजारी बसतो. या दोन किलोमीटरांत मला सर्वांत जास्त कळतं. लाल गाडीच्या मुलानं चावी मारली आणि लगेच दोनदा रेस दिली, आम्हाला पिकअप दाखवायला. डावा हात सबंध वेळ गिअरच्या दांड्यावर, पाय क्लचवर. स्पीडब्रेकरवर गाडी तशीच उडवली. गोड बोलणारा मुलगा होता, मला त्याचा राग नाही आला. गाडीची मात्र कीव आली.

दुसऱ्या गाडीच्या मालकानं चावी मारली, बेल्ट लावला, आरसा नीट केला, आणि तोवर इंजिनाचा आवाज आपसूक खाली आला होता. मग गाडी हलवली. स्पीडब्रेकर दिसताच दुसऱ्या गिअरला येऊन अलगद पार केला. क्लचवरून पाय काढून बाजूला ठेवला. परत आल्यावर गाडी उभी केली, आमच्याशी बोलत राहिला, आणि मिनिटभरानं चावी बंद केली. ही सवय त्याला कुणी लावली विचारलं, तर म्हणाला, वडील एसटीत ड्रायव्हर होते.

सरांनी त्याच दुपारी टोकन दिलं. परवा त्यांची गाडी सर्व्हिसला आली, १ लाख ५८ हजारांवर. क्लच प्लेट आम्ही बदलली, पण ती तिच्या वयानं गेली होती.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर मी येतो. रविवारी सातच्या आत निघू. मालकांना आदल्या रात्री फोन करून एवढंच सांगा, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.