हौदात सोडलेला कंदील

कुरकुंभच्या एमआयडीसीत एका रसायन कारखान्यात मी सतरा वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा सेफ्टीत. बंद टाकीत माणूस उतरवायचा तर आधी परमिट भरायचं आणि त्यावर सही माझी. आत ऑक्सिजन किती, कमरेला पट्टा बांधलाय का, वर कोण उभं राहणार? झोपेतून उठवलं असतं तरी तो फॉर्म मी पाठ म्हणून दाखवला असता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत अब्रू माझीच जाणार आहे.

नोकरी सोडली आणि दंडोबाच्या डोंगराखाली वडिलांचा दोन एकरांचा मुरमाड उतार हातात घेतला. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यावर आसपास सगळ्यांनी बेदाण्यासाठी थॉमसन द्राक्षं लावली होती. मी वाईनसाठी शिराझ लावली, तीही सेंद्रिय. भुरी रोगाला गंधक, डाऊनी रोगाला मोरचूद-चुन्याचं बोर्डो, बाकी जीवामृत. ते बारके, काळे, बियांचे मणी बघून शेजारी विचारायचे, "हे खायचं कसं?" खायचं नाही म्हटलं की विषय संपायचा. लायसन कसं मिळवलं ते विचारू नका, त्याला वेगळी बैठक लागेल.

स्टीलची टाकी, तिचं कूलिंग, एवढा पैसा नव्हता. म्हणून शेडमध्ये जमिनीतच सहा फूट खोल सिमेंटचा हौद बांधला आणि त्याला वर दोन फुटांचं तोंड ठेवलं. जमिनीत गारवा राहतो, रस फार तापत नाही. बांधकाम चालू असताना आण्णा डोकावून गेले होते. "आवो, हे तर पेव बांधलायसा की!" आण्णा मूळचे हरिपूरचे. उभी हयात हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांवर, हमाली केली. २००५च्या महापुरात तिथली बरीच पेवं गेली, तेव्हापासून ते लेकीकडे, आमच्या गावात असतात. मी हसलो आणि विसरलो.

मार्चचा दुसरा आठवडा होता. दोन टन द्राक्षं हौदात आंबून नववा दिवस. सालांचा थर रोज दोनदा लाकडी दांड्यानं खाली दाबायचा, ते काम संपलं होतं. सकाळी पंपानं वाईन वरच्या टाक्यांत ओढून घेतली. तळाशी गुडघाभर चोथा उरला. तो घमेल्यांनी वर काढून दाबयंत्रात घालायचा आणि त्यातली उरलेली वाईन पिळून घ्यायची. शेजारच्या वस्तीवरचा, डिप्लोमा करून रिकामा बसलेला एक पोरगा मदतीला होता. मी म्हटलं, "उतर खाली, घमेली भरून दे." एवढंच म्हटलं. ना परमिट, ना पट्टा. माझ्या डोक्यात ही 'टाकी' नव्हतीच, ते माझं वाईनचं स्वप्न वगैरे होतं.

पोराचा एक पाय शिडीवर होता. दारात बसून तंबाखू मळणारे आण्णा ओरडले, "ए, पाय काढ वर! पयला कंदील सोडा."

मी वाकून आत बघितलं. नाकात सोडा गेल्यासारखी झिणझिण आली, डोळ्यांत पाणी आलं. चोथ्यावर चिलटं मरून पडली होती, काळ्या तिळासारखी. एरवी ती हौदाभोवती नुसती घोंघावत असतात. हे सगळं मला सकाळपासून दिसत होतं, कळत नव्हतं.

कंदील सुतळीला बांधून आण्णांनीच सोडला. हातभर खाली गेला असेल नसेल, ज्योत काचेत एकदा हलली आणि कुणी फुंकर मारावी तशी विझली. खरं दचकायला झालं ते नंतर. वातीचा धूर वर आलाच नाही. मधेच कुठंतरी आडवा पसरला आणि दुधावरच्या सायीसारखा तिथंच तरंगत राहिला. वायूची पातळी डोळ्यांना दिसत होती.

एक लिटर रस आंबताना पन्नासेक लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. माझ्या हौदात रस होता चौदाशे लिटर. हवेपेक्षा दीडपट जड वायू, वर तोंड अरुंद, वाईन काढली तरी चोथा आंबतच होता. जाणार कुठं?

आण्णांना यातला एकही आकडा माहीत नव्हता. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, काही तास तसंच ठेवायचं, मग कंदील सोडायचा, विझला तर परत थांबायचं. हळद त्या कोंडलेल्या हवेत वर्षानुवर्षं किडीशिवाय राहते आणि माणूस त्याच हवेत काही मिनिटं टिकत नाही. "येक पडला की त्येला काडाय दुसरा उतरतो," ते म्हणाले, "मग दोगं." कारखान्याच्या ट्रेनिंगमध्ये मी हेच वाक्य प्रोजेक्टरवर दाखवत असे.

धान्य उपणायचा पंखा आणून दोन तास वारा दिला. मग कंदील तळापर्यंत जळत गेला. तरी कुणाला उतरवलं नाही, कारण हवेत दहा टक्के हा वायू असला तर माणूस शुद्ध हरपतो आणि कंदील मात्र तेव्हाही जळत असतो. लांब दांड्याचं फावडं आणि दोरीची बादली, असा वरूनच रात्री अकरापर्यंत चोथा उपसला. बराचसा वाया गेला. वायू मोजायचा मीटर आता आहे, तेव्हा नव्हता.

झोप येईना म्हणून वहीच्या पानावर जुना परमिट फॉर्म आठवून लिहून काढला. सकाळी आण्णांना वाचून दाखवला आणि परवानगी देणाऱ्याच्या जागी सही करा म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटापालटा केला.

"ह्यात कंदलाचा रकाना कुटं हाय?"

मी पेन काढलं.