ग्रीन बेल्टनंतरची नोंद: गोहोन कुमिते, हेइआन सानदान आणि शहाबादी फरशी

कराटेचं ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा, झालं, ग्रीन बेल्ट मिळाला. आमच्याकडे पांढरा, पिवळा, नारिंगी आणि मग हिरवा असा क्रम आहे. दुसऱ्या क्लबांत रंग मागेपुढे असतात, त्यामुळे रंगापेक्षा कातावरून (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका) सांगतो: शैली शोतोकान, पाच हेइआन कातांपैकी तिसरा, सानदान, झाला, चौथा, योनदान, सुरू होतोय. परीक्षेत काता बरा गेला, किहोनमध्ये (सुट्या मूळ तंत्रांत) दम लागला, पण खरी कमाई कुमितेत (जोडीदारासमोरच्या सरावात) झाली. म्हणून आधी तेच.

क्लब डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी भरतो. सर एकच, बॅच एकच, वयं सगळी. दुसरीतली पोरं आहेत, कॉलेजची मुलं आहेत, माझ्यासारखे चाळिशी ओलांडलेले दोघं-तिघं आहेत आणि बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, ज्यांना सरांसकट सगळे आजोबाच म्हणतात. रांग बेल्टप्रमाणे लागते. त्यामुळे ब्राऊन बेल्टवाली पाचवीतली मुलगी माझ्या बरीच वर उभी असते आणि वॉर्म-अपनंतर येऊन बिनदिक्कत सांगते, "काका, मागची टाच उचलतेय." ऐकावं लागतं. टाच खरंच उचललेली असते.

बरेच जण विचारतात, लहान मुलांच्या बॅचमध्ये मोठ्या माणसाला काय शिकायला मिळणार? माझं उत्तर आता ठरलंय: माआई, म्हणजे समोरच्याशी राखायचं अंतर. आणि ते इथे मिळतं तसं एकवयीन बॅचमध्ये मिळेल असं मला वाटत नाही.

गोहोन कुमितेत हल्ला करणारा पाच पावलं पुढे येत ओइ-झुकी (पुढे टाकलेल्या पायाच्याच बाजूच्या हाताचा ठोसा) मारतो, बचाव करणारा पाच पावलं मागे जात अडवतो आणि शेवटी ग्याकु-झुकीने (पुढच्या पायाच्या विरुद्ध हाताच्या ठोशाने) उत्तर देतो. जोडीदार आपल्याच उंचीचा असला की अंतर आपोआप जमतं, त्याचा विचारच करावा लागत नाही. आमचे सर दर फेरीनंतर जोड्या फिरवतात. समोर चौथीतला मुलगा आला की सगळं गणित बदलतं. माझं एक पाऊल म्हणजे त्याची जवळजवळ दोन. पूर्ण पाऊल टाकलं तर अंगावर जातो. पाऊल आखडलं तर झेनकुत्सु-दाची (पुढचा गुडघा वाकवलेली लांब स्टान्स) उभट होते आणि ठोशातला जोर जातो. सरांचा उपाय साधा निघाला. पाऊल तेवढंच ठेवायचं, सुरुवात लांबून करायची. आणि वर चुदानबद्दल, म्हणजे पोट-छातीच्या उंचीबद्दल, एक वाक्य: "चुदान म्हणजे त्याचं चुदान, तुमचं नाही." माझ्या पोटाच्या उंचीवर मारलेला ठोसा त्याच्या नाकाशी पोहोचतो. खाली यायचं ते पुढचा गुडघा वाकवून, कंबरेतून झुकून नाही. झुकलं की पाठ जाते आणि हिकितेचा, म्हणजे कंबरेकडे मागे ओढलेला, हातही सैल पडतो. माझी स्टान्स जी काही खोल झाली आहे, ती आरशापेक्षा या पोरांमुळे.

उलट बाजूने बचाव करतानाही तेच. मी माझ्या ढांगेने मागे गेलो तर त्याचा ठोसा पोहोचतच नाही, अडवायला काही उरत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्याने विचारलं होतं, "काका, पळताय काय?" मागे जायचं ते त्याचा ठोसा नेमका संपेल तेवढंच. मिठी मारता येईल इतक्या जवळ उभं राहून सोतो-उके (हात बाहेरून आत आणत अडवणं) करायला जी छाती लागते, ती या लहान ठोशांसमोर तयार होते, कारण लागलं तरी फार लागत नाही.

आजोबांबरोबरचा धडा वेगळा. ते घाई करत नाहीत. मी अर्धं पाऊल टाकेपर्यंत हलत नाहीत, आणि मग अगदी शेवटच्या क्षणी आगे-उके (हात वर उचलून अडवणं) वर येतो. सुरुवातीला मला तो संथपणा वाटायचा. त्यात वेळेची अचूक जाण आहे हे हळूहळू कळलं: लवकर अडवलं की समोरच्याला बदलायला वेळ मिळतो. त्यांच्यानंतर लगेच कॉलेजचा उंच मुलगा समोर येतो, त्याचा हात माझ्याहून वीतभर लांब, आणि मघाचं सगळं अंतर निकामी. तासाभरात असं चार-पाचदा नव्याने मोजावं लागतं.

तसं पाहिलं तर मोठ्यांनी मुलांमध्ये शिकणं याला इतिहासातही एक गंमतीशीर आधार आहे. आपण ज्यांना हेइआन म्हणतो ते पाच काता जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या आंको इतोसु यांनी रचले, पिनान या नावाने, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळांमध्ये कराटे त्यांच्यामुळेच पोहोचलं. मुलांना झेपतील असे, लहान, टप्प्याटप्प्याने चढत जाणारे काता. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी स्वतः शाळामास्तर. 1922 साली टोकियोत प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि तिथेच राहिले. पुढे त्यांनी पिनानचं हेइआन केलं. थोडक्यात, मुलांसाठी केलेला अभ्यासक्रम मी शाळेच्याच हॉलमध्ये चाळिशीनंतर गिरवतोय. नवखे तर आम्ही सगळेच आहोत.

आता सानदान. वीस हालचाली, हेइआनमधला सगळ्यात छोटा, आणि त्यामुळेच फसवा. सुरुवातीला पाय जुळवून एकाच वेळी एका हाताने उची-उके (आतून बाहेर अडवणं) आणि दुसऱ्याने गेदान-बराई (खालचा बचाव), मग लगेच हात बदलून पुन्हा. मेंदूला गाठ बसते. मी ते घरी फक्त हातांनी, खुर्चीत बसून, मोजत करायचो: इच, नी, सान. बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला, पण हात बसले. मधलं संथ वळण, दोन्ही मुठी कंबरेवर, हे दिसायला सोपं आहे. तिथे वेग नसल्याने तोल लपवायला जागा राहत नाही. त्यानंतर तीन फुमिकोमी (पाय आपटणं), किबा-दाचीत (घोड्यावर बसल्यासारख्या स्टान्समध्ये) उतरत, कोपराने अडवणं आणि उराकेन (मुठीच्या पाठीचा फटका).

फुमिकोमीबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. आमच्या हॉलला शहाबादी फरशी आहे. ज्या सिनियरांचे व्हिडिओ पाहून आपण पाय आपटायला शिकतो, ते बहुतेक लाकडी फ्लोअरवर असतात. लाकूड धक्का गिळतं, दगड तो परत गुडघ्यात पाठवतो. सर म्हणतात, आवाज टाचेचा यायला नको, पूर्ण तळवा एकदम टेकला पाहिजे, आणि वजन खाली बसलं पाहिजे. तेव्हापासून मी मुद्दाम कमी आवाजात करतो. किबा-दाची त्याने उलट पक्की बसते. सरांनी मध्यंतरी जोडायच्या फोमच्या मॅट आणून पाहिल्या, तर दुसराच त्रास. मॅट तळव्याला धरून ठेवते. शरीर वळतं, पाऊल वळत नाही, आणि पीळ गुडघ्याला बसतो. मॅटवर वळताना त्या पायावरचं वजन आधी हलकं करायचं, मग फिरायचं. पावसाळ्यात फरशी ओलसर असते तेव्हा ती आम्ही ओळीने पुसून घेतो, बेल्ट कोणताही असो.

घरी सरावाला जागा नाही ही सगळ्यांचीच रड. वन बीएचकेच्या हॉलमध्ये हेइआनची एम्बुसेन, म्हणजे काताच्या पावलांची रेषा, मावत नाही. मी एक पाऊल पुढे गेलो की पुढच्या हालचालीआधी तेवढंच सरकून मागे येतो. दिशा पाळतो, लांबी सोडून देतो. तेक्की नावाचे पुढचे काता एका सरळ रेषेत असल्याने पुढे ही अडचण मिटेल. पण फुनाकोशींनी तीन तेक्की शिकण्यात आपली दहा वर्षं गेल्याचं लिहून ठेवलंय, तेव्हा जागेचा प्रश्न सुटला म्हणून फार हुरळून जाण्यात अर्थ नाही. बाकी किबा-दाचीचा सराव मी लोकलमध्ये उभं राहूनही करतो, हँडल न धरता. कल्याण फास्टमध्ये मात्र नाही. तिथे पडायलाही जागा नसते.

वयाचा विषय निघाला की आमच्या ग्रुपमध्ये सान्द्रा सांचेझचं नाव येतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 5 ऑगस्ट 2021 रोजी, स्पेनच्या या खेळाडूने महिलांच्या कातामध्ये सुवर्ण घेतलं तेव्हा ती 39 वर्षांची होती. फायनलला तिने चातान्यारा कुशांकु केला, म्हणजे आपल्या शोतोकानमधल्या कांकु दाई काताचा नातेवाईकच. दोघांचं मूळ एक. तिची तयारी आणि आपली यांची तुलना नाही. पण तो काता सावकाश लावून पाहा आणि फक्त तिच्या पायांकडे बघा, हातांकडे नाही.

योनदानमध्ये 27 हालचाली आहेत आणि माझी अडचण योको-गेरी, म्हणजे बाजूला मारायची लाथ. कंबर उघडत नाही. सरांनी सध्या लाथ गुडघ्याच्या उंचीपर्यंतच ठेवायला सांगितली आहे: आधी गुडघा नीट वर, उभ्या पायाची टाच जमिनीला, वरचं अंग सरळ, आणि लाथ मारून पाय तितक्याच वेगाने परत. उंची वाढवायची ती हे चारही जमल्यावर. रोज भिंतीला हात टेकून दोन्ही बाजूंनी करतोय, डावीकडे जरा जास्त, कारण ती बाजू आखडलेली आहे. शेवटाकडे डोकं धरून खाली ओढत गुडघा मारायची हालचाल येते. तिचा जोडीदाराबरोबरचा सराव सरांनी आजोबांबरोबर लावलाय, आणि डोक्याऐवजी पॅड धरायची सूचना आजोबांनी स्वतःच केली आहे.